चौतीस सेंटिमीटर दोरा

आमच्या घरी रविवारी दोन फोन येतात. मिस्सा आटोपून, बाजार करून आम्ही उभयता ओट्यावर टेकलो, की साडेबाराच्या सुमारास पर्थहून धाकट्याचा फोन येतो. ऑस्ट्रेलियाच्या त्या पश्चिम टोकाला तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात. पुढे आमचे जेवण, वामकुक्षी, चहा झाला, की लंडनहून थोरलीचा येतो. पर्थ आमच्या अडीच तास पुढे. लंडन हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे. हा हिशेब आता अंगवळणी पडला आहे. दोन्ही फोनवर गुडघेदुखीची चौकशी होते, वाडीतल्या केळींची होते, गावात कोण वारले, कोणाचे लग्न ठरले याची होते. दुसऱ्या फोनची चौकशी मात्र होत नाही.

धाकटा बोलायला लागल्यापासून बहिणीला 'ताई' म्हणत आला. २०१९ च्या नाताळानंतर तो शब्द त्याच्या तोंडून आम्ही ऐकला नव्हता. फार तर, "तिकडचे सगळे ठीक ना?" एवढे तो विचारी. महामारीच्या काळात थोरली तिथल्या रुग्णालयात परिचारिका म्हणून रात्रपाळ्या करीत होती, तेव्हा तो रविवारची वाट न पाहता रोज फोन करी आणि रोज हेच विचारी. पण 'ताई' नाहीच.

या अबोल्याला कारण कोण, ते पुढे येईलच. आधी नातीचा प्रश्न सांगितला पाहिजे.

२०२५ च्या फेब्रुवारीत एका रविवारी थोरलीऐवजी तिची अकरा वर्षांची लेक फोनवर आली. शाळेत तिला एक काम दिले होते. आपले कुटुंब ज्या गावांत राहते त्यांपैकी एकमेकांपासून अत्यंत दूर असलेले दोन विमानतळ निवडायचे आणि त्यांच्यातले अंतर कसे मोजले ते लिहायचे. "मग लंडन आणि मुंबई घे," आम्ही म्हणालो. "नाही, मामा जास्त लांब आहे," ती म्हणाली. आकडा तिने संगणकावर क्षणात शोधला होता: हीथ्रो ते पर्थ १४,४९९ किलोमीटर. परंतु बाईंनी वही परत केली होती. हा आकडा दुसऱ्या कोणी मोजलेला आहे, तू काय मोजलेस, असे त्यांनी विचारले होते. बाईंविषयी आमच्या मनात त्याच क्षणी आदर उत्पन्न झाला. "आजोबा, तुमच्याकडे ती पृथ्वी आहे ना, कपाटावरची?" नातीने विचारले.

पृथ्वी होती. आम्हां दोघांपैकी एकाने तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला आणि दुसरीने तेवढीच वर्षे गावातल्या मुलींना शिवणकाम. निवृत्तीच्या वेळी शाळेच्या अडगळीतून काढलेला तीस सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घरी आला. त्यावर सोव्हिएत संघ अजून अखंड आहे. त्याच अडगळीतला जगाचा एक भिंतीवरचा नकाशाही आमच्याकडे आहे, कडेला वाळवीने थोडा खाल्लेला.

प्रथम नकाशाच काढला. शाळेत बहुतेक मुले हेच करतात: दोन ठिपके शोधायचे आणि मध्ये पट्टी ठेवायची. पट्टी पर्थहून वायव्येला निघाली, मालदीवच्या दक्षिण टोकाशी विषुववृत्त ओलांडून अरबस्तानच्या वाळवंटावर चढली आणि ग्रीस-आल्बेनियावरून लंडनला पोहोचली. सरळ रेघ, शंका घ्यायला जागा नाही. पण नकाशातली सरळ रेघ ही पृथ्वीवरची सरळ वाट नव्हे, हे वर्गात शिकवताना आमचा घसा कोरडा पडत असे आणि शेवटच्या बाकापर्यंत ते क्वचितच पोहोचे.

या गोष्टीचा उलगडा ज्या प्रश्नातून झाला, त्याचा आपल्या किनाऱ्याशी संबंध आहे. मार्तिम आफोन्सो द सौसा हा पोर्तुगीज सरदार ब्राझीलच्या सफरीवरून परतला, तेव्हा त्याच्या मनात सुकाणूविषयी काही शंका होत्या. होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज हाकले तर ते नेमके कोणत्या वाटेने जाते, हे त्याला कळेना. त्याने त्या शंका गणिती पेद्रो नुनेश यांच्यापुढे ठेवल्या. नुनेश यांनी १५३७ साली छापलेल्या ग्रंथात दाखवून दिले, की एकच दिशा धरून जाणारी वाट ही सर्वांत जवळची वाट नसते. सर्वांत जवळची वाट ही बृहद्‌वृत्ताची, म्हणजे पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाची असते, आणि त्या वाटेवर होकायंत्राची दिशा सतत बदलत राहते. मर्केटरने १५६९ साली जो नकाशा काढला, त्यात एकाच दिशेच्या वाटा सरळ रेघांनी दिसतात. खलाशांना ते सोयीचे होते, म्हणून तो नकाशा जगभर पसरला आणि शाळांच्या भिंतींवरही येऊन बसला. शंका विचारणारा हा सौसा पुढे गव्हर्नर म्हणून हिंदुस्थानात आला. त्याच्याच ताफ्यातून संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्याला उतरले. लिस्बन सोडून त्यांना तेरा महिने झाले होते.

तर नकाशा गुंडाळून ठेवला आणि शिवणाच्या डब्यातला निळा दोरा घेतला. एकाने दोऱ्याचे टोक पर्थवर दाबून धरले, दुसरीने दुसरे टोक लंडनवर आणून हळूहळू ताणले. ताणलेल्या दोऱ्याला गणित शिकवावे लागत नाही. तो आपोआप घसरत जवळच्या वाटेवर येतो. फक्त तो सुती असल्याने किती ताणायचा हे हाताला कळावे लागते. इथे शिवणकाम करणाऱ्या हाताचा निर्णय अंतिम मानला गेला.

दोरा स्थिरावला आणि आम्ही चष्मे पुसून पाहू लागलो. मालदीव दूर डावीकडे राहिले होते. दोरा श्रीलंकेवरून चढून मदुराईजवळून गेला, पश्चिम घाट ओलांडून होन्नावरच्या आसपास समुद्रात उतरला आणि गोव्याला जवळजवळ शिवून कोकण किनाऱ्याबाहेरून वर सरकला. पुढे मकरानचा किनारा, तेहरान, काळा समुद्र, ओडेसा आणि मग मध्य युरोपावरून लंडन. मुंबईच्या रेखांशाशी पाहिले तर पट्टीची वाट आणि दोऱ्याची वाट यांत दीड हजार किलोमीटरहून अधिक फरक होता. लांबीत मात्र मोठा फरक नाही. पट्टीच्या वाटेने प्रत्यक्ष गेले तर सुमारे अडीचशे किलोमीटर जास्त पडतील, एवढेच. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पाय टाकणाऱ्या वाटांचे असे होते. दोन्ही टोके उत्तरेला असती, तर पट्टीने आम्हांला याहून कितीतरी अधिक फसवले असते.

दोरा मोजला: चौतीस सेंटिमीटर. गोलावरचा एक सेंटिमीटर म्हणजे पृथ्वीवरचे सुमारे ४२५ किलोमीटर. गुणाकार १४,४५०. संगणकाच्या आकड्याहून पन्नासने कमी. कपाटावरच्या पृथ्वीने आणि घरच्या दोऱ्याने एवढे दिले, याचे आम्हांला समाधान वाटले.

पण तीस वर्षे भूगोल शिकवलेल्या माणसाची एवढ्याने झोप लागत नाही. रात्री लॉगॅरिदमची पुस्तिका निघाली. पर्थचा विमानतळ ३१ अंश ५६ मिनिटे दक्षिण, ११५ अंश ५८ मिनिटे पूर्व; हीथ्रो ५१ अंश २८ मिनिटे उत्तर, ० अंश २८ मिनिटे पश्चिम. पृथ्वीच्या केंद्रापासून या दोन ठिकाणांकडे दोन रेघा काढल्या, तर त्यांच्यामध्ये जो कोन होईल तो काढायचा. सगळी खटपट एवढ्यासाठीच. कोन आला १३० अंश आणि साडेअठ्ठावीस मिनिटे. एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, ही खलाशांची जुनी सोय. १९२९ साली मोनॅको येथील परिषदेत तो मैल १,८५२ मीटरचा ठरला. मैल भरले ७,८२८ आणि वर अर्धा, किलोमीटर १४,४९८. एकाचा फरक!

आनंदाच्या भरात आम्ही हे आमच्या हुशारीच्या खाती जमा करणार होतो. ते योग्य झाले नसते. पृथ्वी पूर्ण गोल मानून ६,३७१ किलोमीटरची सरासरी त्रिज्या घेतली, तर हाच कोन १४,५०८ किलोमीटर देतो. पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे. विषुववृत्ताकडची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा एकवीस किलोमीटरांनी मोठी आहे. म्हणून काटेकोर मोजणी गोलाची नव्हे, चपट्या गोलाची करावी लागते. आमच्या देशात अशा मोजणीचा पाया १८०२ साली विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासला घातला. त्यांची पहिली आधाररेषा सेंट थॉमस माउंटजवळ आखली गेली. यात्रेला गेलेले आपले किती लोक त्या टेकडीवरून खाली पाहतात, पण ही गोष्ट तिथे कोणी सांगत नाही. असो. सागरी मैलाने आमचा आकडा बरोबर आणला, तो बराचसा योगायोगाने, हे नातीला स्पष्ट लिहून पाठवले.

हे झाले कागदावरचे अंतर. विमान अकरा किलोमीटर उंचीवरून जाते, एवढ्यानेच वाट पंचवीसेक किलोमीटरांनी लांबते. शिवाय वारा असतो, आणि मिटलेले आकाश असते. आमचा दोरा ज्या ओडेसाजवळून जातो, तिथले आकाश २०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध पेटल्यावर प्रवासी विमानांना बंद झाले. १९४७ च्या डिसेंबरात सिडनीहून निघालेले क्वान्टासचे विमान डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो आणि त्रिपोली असे थांबे घेत चार दिवसांनी लंडनला पोहोचले होते. पर्थहून कुठेही न थांबता लंडनला जाणारी त्याच कंपनीची सेवा २४ मार्च २०१८ रोजी सुरू झाली. सतरा तासांचा प्रवास. २०२४ च्या एप्रिलमध्ये इराणभोवतीचे वातावरण तापले, तेव्हा हेच विमान काही काळ सिंगापूरला थांबवून नेले गेले. ती वळणाची वाट बेरजेने अवघी तीनशे किलोमीटर जास्त भरते. (घरापासून विमानतळापर्यंतचे अंतर या हिशेबात कोणी धरत नाही. वसईहून घोडबंदरच्या रस्त्याने सहारला पोहोचेपर्यंत जो प्रवास होतो, त्याची नोंद कोणत्या कोष्टकात होते, हे आम्हांला कळलेले नाही.)

धाकटा त्या थेट विमानाने गेला होता. २०१८ च्या नोव्हेंबरात तो आठ दिवस बहिणीकडे राहून आला. आणि इथे आता मागे ठेवलेली गोष्ट सांगणे भाग आहे.

आमच्या वाडीचा पूर्वेकडचा पट्टा, अकरा गुंठे, विहिरीसह, आम्ही २०१४ साली विकला. धाकट्याला पर्थला जायचे होते, तिथले शिक्षण महाग होते. मोजणीदार आले, टेप ताणली गेली, चार कोपऱ्यांना खुंट्या बसल्या. इंचाइंचाचा हिशेब झाला. थोरलीला मात्र आम्ही कळवले नाही. ती लंडनला जाऊन पाच वर्षे झाली होती. तिला आता वाडीचे काय, असे आम्ही दोघांनी परस्पर ठरवले. त्या विहिरीच्या काठचा जांभूळ तिने शाळेत असताना लावला होता, पाणी घालून वाढवला होता, हे आम्हांला आठवत नव्हते असे नाही. घेणाऱ्याने पाच वर्षे कुंपण घातले नाही. मधल्या काळात ती दोनदा येऊन गेली. तिला काही कळले नाही आणि आम्ही बोललो नाही. २०१९ च्या नाताळात ती आली, तेव्हा भिंत उभी होती आणि जांभूळ नव्हता.

ती आम्हांला फारसे काही बोलली नाही. भावाला म्हणाली, "गेल्या वर्षी आठ दिवस माझ्या घरात जेवलास, तेव्हा ठाऊक होतं ना तुला?" त्याने मान खाली घातली. तो उत्तर देऊ शकला असता. 'ताईला सांगू नकोस, आम्ही सवडीने सांगू,' असे आम्हीच त्याला बजावले होते. त्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही पानातला भात कालवीत राहिलो.

तीन महिन्यांत जगाचे दरवाजे बंद झाले. ऑस्ट्रेलियाने २० मार्च २०२० रोजी परदेशी प्रवाशांना सीमा बंद केली. पर्थ ज्या राज्यात आहे, त्याने तर आपल्या स्वतःच्या सीमा ३ मार्च २०२२ पर्यंत पूर्णपणे उघडल्या नाहीत. भांडण मिटवायला माणसे एकमेकांच्या दारात जातात. ती सोय दोन वर्षे राहिली नाही, आणि नंतर जाण्याची सवय मोडली.

आता पुन्हा दोऱ्याकडे. नातीने आमच्या पत्राला उत्तर म्हणून एकच गोष्ट विचारली: या वाटेचा मध्य कुठे येतो? हे आमच्या डोक्यातच आले नव्हते. चौतीस सेंटिमीटरांचा दोरा दुमडला, दुमडीला शाईचा ठिपका दिला आणि पुन्हा गोलावर ताणला. ठिपका पडला अरबी समुद्रात, कोकण किनाऱ्याला अगदी लागून. पुस्तिका पुन्हा उघडली. मध्यबिंदू आला सुमारे साडेसतरा अंश उत्तर, साडेएकाहत्तर अंश पूर्व, म्हणजे दाभोळच्या खाडीच्या तोंडापासून पश्चिमेला दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर. आमच्या ओट्यापासून अडीचशेच्या आत. गोलावर हे अंतर तांदळाच्या एका दाण्याएवढे आहे. जगाच्या दोन टोकांना दोन मुले, आणि त्यांच्यातल्या वाटेचा मध्य आमच्या दारातल्या समुद्रात! आम्ही तीन वेळा आकडेमोड तपासली. चूक सापडली नाही.

दोघेही गप्प बसून राहिलो. मग आमच्यापैकी एक म्हणाली, "रविवारी तिला सांगू या." दुसऱ्याने काय सांगायचे असे विचारले नाही.

रविवारी थोरलीचा फोन आला. गोल, दोरा आणि मधला ठिपका यांचे छायाचित्र आम्ही आदल्या दिवशी दोन्ही घरी पाठवले होते. लेकीच्या वहीचे कौतुक झाले. मग आम्ही तिला सांगितले, की विक्रीचा निर्णय आमचा होता, त्यात धाकट्याचा शब्द विचारला गेला नव्हता. आणि लंडनला जाताना गप्प राहायला त्याला आम्ही सांगितले होते. त्या नाताळात तो आमची लाज राखीत होता. "हे पाच वर्षांनी सांगता?" ती म्हणाली. आम्ही म्हणालो, "हो." तिने फोन ठेवला नाही. पण पुढचे बोलणे नातीने केले.

पुढच्या रविवारी दुपारी साडेबाराला धाकट्याला हे कळवले. तो बराच वेळ बोलला नाही. त्याच्या अंगणातल्या पाखरांचा कलकलाट तेवढा ऐकू येत होता. शेवटी, "जेवण झालं का तुमचं?" असे विचारून त्याने फोन ठेवला.

बुधवारी सकाळी त्याचा संदेश आला. सोबत २०१८ च्या प्रवासातले छायाचित्र होते: समोरच्या आसनाच्या पाठीवरचा पडदा, निळा समुद्र आणि त्यावर विमानाची इवलीशी आकृती. खाली त्याने लिहिले होते: "बाबा, तुमचा दोरा बरोबर आहे, पण विमान दोऱ्यावरून जात नाही. आमचं त्या रात्री मालदीवच्या अंगाने गेलं. भाचीला हे वहीत चिकटवायला सांगा. नाहीतर मीच पाठवतो. ताईचा नंबर तोच आहे का?"

तोच आहे, असे आम्ही लगेच कळवले.